उद्गात्यालाच न पेललेला शब्द

१४ डिसेंबर १९१८ रोजी वुड्रो विल्सन पॅरिसमध्ये दाखल झाले, तेव्हा त्यांच्या स्वागतासाठी लोटलेला जनसमुदाय एखाद्या विजयी सेनापतीच्या वाट्यासही क्वचितच आला असेल. चार वर्षांच्या महायुद्धात युरोपची एक तरुण पिढी कापली गेली होती. राजेरजवाडे, मुत्सद्दी आणि त्यांचे गुप्त करार यांवरचा सामान्य माणसाचा विश्वास उडाला होता. अशा वेळी अटलांटिकपलीकडून एक प्राध्यापकी थाटाचा गृहस्थ आला. सत्तेवर असताना युरोपात येणारा तो पहिलाच अमेरिकन अध्यक्ष होता. त्याला स्वतःच्या देशासाठी भूमी नको होती, खंडणीही नको होती. लंडन, रोम, मिलान, जेथे जेथे विल्सन गेले तेथे लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले.

पण त्यांच्याकडे डोळे लावून बसलेले लोक केवळ युरोपात नव्हते. कैरोत, सेऊलमध्ये, पेकिंगमध्ये, आणि मुंबई-पुण्यातही विल्सन यांची भाषणे वाचली गेली होती. त्या भाषणांतून या लोकांनी एक शब्द उचलला होता. तो शब्द म्हणजे स्वयंनिर्णय. सहा महिन्यांच्या आत या सर्वांचा भ्रमनिरास झाला आणि सुमारे पाच वर्षांनी खुद्द विल्सन विकल अवस्थेत मरण पावले. शब्द मात्र मेला नाही. तो उच्चारणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ काय होता आणि ऐकणाऱ्यांनी काय घेतला, यांतील अंतर हीच विल्सन यांच्या आयुष्याची शोकांतिका आहे. आंतरराष्ट्रीय कायद्यातील आजच्या एका मोठ्या पेचाचे मूळही तेथेच आहे.

दक्षिणेचा पुत्र

विल्सन यांचा जन्म २८ डिसेंबर १८५६ रोजी व्हर्जिनियातील स्टाँटन या गावी झाला. वडील प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक होते. मुलाचे बालपण जॉर्जियातील ऑगस्टा येथे, यादवी युद्धाच्या छायेत गेले. वडिलांच्या चर्चचे जखमी सैनिकांसाठी रुग्णालय झाले होते. दक्षिणेतील राज्यांनी संघराज्यातून फुटून निघण्याचा निर्णय आपला आपण घेतला होता आणि तो निर्णय संघराज्याने शस्त्राच्या बळावर मोडून काढला. त्या निर्णयामागे गुलामगिरी टिकविण्याचा हेतू होता, हे विसरता येत नाही. तरीही स्वयंनिर्णयाचा उद्गाता म्हणून जगाने ज्यांचा जयजयकार केला, त्या विल्सन यांनी लहानपणी पाहिलेली पहिली मोठी राजकीय घटना म्हणजे फुटून निघण्याच्या एका प्रयत्नाचा पराभव होता.

या पराभवाची कटुता त्यांनी मनात धरली नाही. १८८० मध्ये, कायद्याचे विद्यार्थी असताना, त्यांनी दक्षिणेचा पराभव हा दक्षिणेच्याच हिताचा झाला असे जाहीरपणे मांडले होते. संघराज्य अभंग राहिले याचा त्यांना आनंद होता. म्हणजे लोकशाही राज्यातून एखाद्या गटाने वाटेल तेव्हा वेगळे व्हावे, ही कल्पना त्यांना कधीच मान्य नव्हती. त्यांच्या विचारांवर प्रभाव होता तो बर्क आणि बॅजट यांचा. शासन शासितांच्या संमतीने चालावे हे त्यांच्या विचाराचे सूत्र होते. पण स्वराज्य ही कोणी कोणाला देण्याची वस्तू नसून ती दीर्घ सवयीने अंगी बाणणारी शिस्त आहे, असेही ते मानत. ज्यांच्या अंगी ती बाणली नसेल त्यांनी अगोदर शिकावे आणि मग मागावे, हा त्याचा अर्थ होता. कोणी किती शिकले हे कोणी ठरवावयाचे, या प्रश्नाला त्यांनी नीट उत्तर दिले नाही.

वकिलीत मन रमले नाही म्हणून ते अध्यापनाकडे वळले. १८८५ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या कारभारावरील त्यांचा ग्रंथ गाजला. दुसऱ्या वर्षी त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. ही पदवी मिळविलेले ते आजवरचे एकमेव अमेरिकन अध्यक्ष आहेत. १८९० मध्ये ते प्रिन्स्टनला प्राध्यापक झाले आणि १९०२ मध्ये त्या विद्यापीठाचे प्रमुख. अध्यापनाची पद्धत सुधारण्यात त्यांना मोठे यश आले. पण पदव्युत्तर महाविद्यालय कोठे बांधावे या तुलनेने किरकोळ वादात त्यांनी तडजोडीस नकार दिला, वादाला तत्त्वाचे स्वरूप दिले आणि १९१० मध्ये ते हरले. विरोधकात त्यांना मतभेद दिसत नसे, अधर्म दिसे. हाच स्वभाव दहा वर्षांनी त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या लढाईत त्यांच्या आड आला.

प्रिन्स्टन सोडल्यावर ते न्यू जर्सीचे गव्हर्नर झाले आणि १९१२ मध्ये, रिपब्लिकन पक्ष टॅफ्ट आणि थिओडोर रूझवेल्ट यांच्यात दुभंगल्याचा लाभ मिळून, देशाचे अध्यक्ष. त्यांच्या पहिल्या कारकीर्दीतील मध्यवर्ती बँकव्यवस्थेचा आणि मक्तेदारीविरोधी कायदे त्यांचे कर्तृत्व सिद्ध करण्यास पुरेसे आहेत.

संमतीचे कुंपण

परंतु याच कारकीर्दीत त्यांच्या तत्त्वाला किती उंच कुंपण होते, तेही दिसून आले. १९१३ पासून अर्थखाते आणि टपालखाते यांत गोऱ्या व काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळे बसविण्यास सुरुवात झाली आणि विल्सन यांनी तिचे समर्थन केले. कृष्णवर्णीयांचे संपादक-नेते विल्यम मन्रो ट्रॉटर यांनी १९१४ मध्ये प्रत्यक्ष भेटीत याचा जाब विचारला, तेव्हा विल्सन यांचा तोल गेला आणि शिष्टमंडळाला बाहेरचा रस्ता दाखविण्यात आला. १९१४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सैन्याने मेक्सिकोचे व्हेराक्रूझ बंदर घेतले. १९१५ मध्ये हैती आणि १९१६ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताक यांचा ताबा घेण्यात आला; हैतीतून हे सैन्य १९३४ पर्यंत हलले नाही. लहान राष्ट्रांच्या सार्वभौमत्वाचा कैवार घेणारा अध्यक्ष आपल्या शेजारच्या लहान राष्ट्रांना कारभार शिकविण्यासाठी बंदुका पाठवीत होता.

यात दांभिकता होती असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण विल्सन यांना त्यात विसंगती वाटत नव्हती, ही अधिक विचार करण्यासारखी गोष्ट आहे. १९१६ च्या जोन्स कायद्याने फिलिपाइन्सला, तेथे स्थिर शासन उभे राहताच, स्वातंत्र्य देण्याचे वचन दिले गेले. विल्सन यांच्या मते हाच राजमार्ग होता. आधी पालकत्व, मग परीक्षा आणि शेवटी स्वातंत्र्य. परीक्षक मात्र पालकच!

जानेवारी १९१७ मध्ये त्यांनी सिनेटपुढे विजयाविना शांततेची कल्पना मांडली. त्या एप्रिलमध्ये त्यांना स्वतःलाच युद्धात उतरावे लागले. नोव्हेंबरात रशियात बोल्शेविकांनी सत्ता घेतली आणि लेनिन यांनी सर्व राष्ट्रांच्या, त्यांत वसाहतीही आल्या, स्वयंनिर्णयाचा जाहीर पुरस्कार केला. हा शब्द लेनिन अनेक वर्षे वापरीत होते आणि त्यात ते फुटून निघण्याचा हक्कही धरीत. आता दोस्तराष्ट्रांना गप्प राहणे शक्य नव्हते. ८ जानेवारी १९१८ रोजी विल्सन यांनी आपली प्रसिद्ध चौदा कलमे मांडली. नंतर लाखो लोकांची समजूत झाली तसा स्वयंनिर्णय हा शब्द त्या कलमांत नाही. पाचवे कलम वसाहतींसंबंधी आहे. त्यात तेथील रहिवाशांचे हितसंबंध आणि राज्यकर्त्यांचा दावा यांना सारखेच वजन देण्याची भाषा आहे. म्हणजे मालक आणि मालकीचे लोक यांना एकाच तागडीत तोलले होते. शब्द आला तो पुढच्या महिन्यात, ११ फेब्रुवारीच्या भाषणात. लेनिन यांच्याकडून त्यांनी शब्द घेतला आणि त्यात आपला, शासितांच्या संमतीचा, जुना अर्थ भरला.

हा शब्द किती स्फोटक आहे हे विल्सन यांच्याच परराष्ट्रमंत्र्याने ओळखले होते. डिसेंबर १९१८ च्या अखेरीस रॉबर्ट लॅन्सिंग यांनी आपल्या टिपणात शंका नोंदविली. स्वयंनिर्णय कोणाचा? वंशाचा, प्रदेशाचा की जमातीचा? हे निश्चित केल्यावाचून असा शब्द उच्चारल्याने पुऱ्या न होणाऱ्या आशा जागतील आणि हजारोंचे प्राण जातील, अशी त्यांना भीती वाटत होती. लॅन्सिंग हे साम्राज्यांविषयी सहानुभूती असलेले कायदेपंडित होते, हे खरे. पण त्यांनी विचारलेला प्रश्न चुकीचा नव्हता.

पॅरिसमधील दार

शांतता परिषद १८ जानेवारी १९१९ रोजी सुरू झाली आणि अर्जदारांची रीघ लागली. इजिप्तमध्ये साद झगलूल यांनी शिष्टमंडळ नेण्याची परवानगी मागितली. मार्चमध्ये ब्रिटिशांनी त्यांना पकडून माल्टाला पाठविले आणि देश पेटला. सुटका होऊन ते फ्रान्सला पोहोचले, त्याच सुमारास अमेरिकेने इजिप्तवरील ब्रिटिश संरक्षणाधिकाराला मान्यता दिली. कोरियात १ मार्च रोजी स्वातंत्र्याची घोषणा झाली आणि जपानने ती निर्घृणपणे चिरडली. कोरियन नेते सिंगमन री हे प्रिन्स्टनचे डॉक्टरेट. विल्सन विद्यापीठप्रमुख असतानाच त्यांना ती पदवी मिळाली होती. पॅरिसला जाण्यासाठी त्यांनी अमेरिकन सरकारकडे पारपत्र मागितले, ते नाकारण्यात आले. चीनच्या शांटुंग प्रांतातील जर्मनीचे हक्क चीनला परत न मिळता जपानला मिळाले. ४ मे रोजी पेकिंगचे विद्यार्थी रस्त्यावर आले आणि आधुनिक चीनच्या इतिहासाला नवे वळण लागले. जूनमध्ये एका व्हिएतनामी तरुणाने आठ माफक मागण्यांचा अर्ज दिला. त्यात स्वातंत्र्याची मागणीसुद्धा नव्हती. पोच तेवढी मिळाली. हा तरुण पुढे हो चि मिन्ह या नावाने जगाला माहीत झाला.

भारताची कथा वेगळी नव्हती. जून १९१७ मध्येच मद्रासचे सर सुब्रह्मण्य अय्यर यांनी विल्सन यांना पत्र लिहून भारताची कैफियत मांडली होती आणि त्यावरून उठलेल्या वादळात आपली सर ही पदवी परत केली होती. डिसेंबर १९१८ च्या दिल्ली काँग्रेसने स्वयंनिर्णयाचे तत्त्व भारताला लागू करण्याची मागणी केली आणि परिषदेसाठी लोकमान्य टिळक, गांधी व हसन इमाम यांची नावे सुचविली. टिळक तेव्हा चिरोल खटल्यासाठी लंडनमध्येच होते. पॅरिसला जाण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही. त्यांनी विल्सन यांना आणि परिषदेचे अध्यक्ष क्लेमान्सो यांना पत्रे लिहिली. विल्सन यांच्या चिटणिसाकडून सौजन्यपूर्ण उत्तर आले. भारताच्या प्रश्नाचा विचार योग्य वेळी योग्य अधिकाऱ्यांकडून होईल, असे त्याचे तात्पर्य होते. टिळकांसारख्या मुरब्बी राजकारण्याला त्याचा अर्थ कळण्यास वेळ लागला नसेल. परिषदेत भारताच्या वतीने बसले ते माँटेग्यू, लॉर्ड सिन्हा आणि बिकानेरचे महाराजा. स्वतःचा कारभार स्वतः करण्याची मुभा नसलेला भारत व्हर्सायच्या तहावर सही करून राष्ट्रसंघाचा संस्थापक सदस्य झाला! सार्वभौमत्वाचा देखावा आणि सार्वभौमत्व यांतील फरक याहून स्पष्ट करणारे उदाहरण मिळणे कठीण. त्याच एप्रिलमध्ये जालियनवाला बागेत गोळ्या चालल्या.

युरोपात तरी तत्त्व सरसकट लागू झाले काय? पोलंड पुन्हा उभा राहिला, चेकोस्लोव्हाकिया व युगोस्लाव्हिया जन्मास आले, श्लेस्विग, क्लागेनफुर्ट, अप्पर सायलेशिया येथे लोकांची मते घेण्यात आली. हे श्रेय विल्सन यांचे आहे. पण दक्षिण टायरोलमधील जर्मनभाषक इटलीला देण्यात आले, सुमारे ३० लाख सुडेटन जर्मन चेकोस्लोव्हाकियात गेले आणि ऑस्ट्रियाला जर्मनीशी एकत्र येण्यास बंदी झाली. जितांना एक न्याय आणि जेत्यांना दुसरा, हे तेथील लोकांच्या मनात खोल रुतले. १९३८ मध्ये हिटलरने सुडेटन प्रदेश मागितला तो विल्सन यांच्याच शब्दाचा आधार घेऊन.

जपानने राष्ट्रसंघाच्या घटनेत वंशसमानतेचे तत्त्व घालण्याची सूचना मांडली. ११ एप्रिल रोजी १७ पैकी ११ मते तिच्या बाजूने पडली. अध्यक्षस्थानी विल्सन होते. या बाबतीत एकमत हवे, असा निर्णय देऊन त्यांनी सूचना बाजूस सारली. सीरिया व पॅलेस्टाइनमधील लोकांना काय हवे हे विचारण्यासाठी त्यांनीच किंग-क्रेन मंडळ पाठविले. लोकांनी स्वातंत्र्य मागितले आणि फ्रेंच सत्तेला विरोध केला. तो अहवाल १९२२ पर्यंत प्रसिद्धच झाला नाही. जर्मनीच्या व तुर्कस्तानच्या मुलखांसाठी मँडेट म्हणजे विश्वस्तपणाची पद्धत काढण्यात आली. नैऋत्य आफ्रिकेचा विश्वस्त नेमला गेला तो दक्षिण आफ्रिका!

कायद्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट मसुद्याच्या टेबलावर घडली. राष्ट्रसंघाच्या घटनेच्या आपल्या मूळ मसुद्यात विल्सन यांनी सदस्यांच्या प्रादेशिक अखंडतेची हमी दिली होती आणि तिला जोडूनच, स्वयंनिर्णयानुसार पुढे सीमांत बदल करता येतील अशी तरतूद केली होती. ब्रिटिश व अमेरिकन कायदेतज्ज्ञांना हे धोक्याचे वाटले. अखेर दहावे कलम बनले त्यात अखंडतेची हमी राहिली आणि स्वयंनिर्णय गळाला. ज्या तत्त्वासाठी जगाने विल्सन यांचे स्वागत केले, ते त्यांच्याच संघटनेच्या घटनेत नव्हते. त्या उन्हाळ्यात आयरिश-अमेरिकन पुढाऱ्यांशी बोलताना त्यांनी खेदाने कबूल केले, की तो शब्द उच्चारताना जगात इतकी राष्ट्रे आपल्या दाराशी येतील याची कल्पना नव्हती.

अखेर

अमेरिकेत परतल्यावर सिनेटमध्ये हेन्री कॅबट लॉज यांनी तहाला राखीव अटी जोडण्याचा आग्रह धरला. दहाव्या कलमामुळे युद्ध पुकारण्याचा अमेरिकन काँग्रेसचा अधिकार जाईल, ही त्यांची मुख्य हरकत होती. म्हणजे सार्वभौमत्वाचा प्रश्न आता खुद्द अमेरिकेच्या घरात उभा राहिला. काही अटी मान्य करून तह वाचविता आला असता. पण प्रिन्स्टनचा विल्सन अजून तोच होता. सप्टेंबर १९१९ मध्ये ते जनतेला पटविण्यासाठी आगगाडीने आठ हजार मैलांच्या दौऱ्यावर निघाले. २५ सप्टेंबर रोजी प्वेब्लो येथील भाषणानंतर ते कोसळले. २ ऑक्टोबरला वॉशिंग्टनमध्ये पक्षाघाताचा झटका येऊन शरीराची डावी बाजू गेली. पत्नी एडिथ यांनी महिनोन् महिने त्यांना जगापासून झाकून ठेवले. अंथरुणावरूनच त्यांनी आपल्या पक्षाच्या सिनेटरांना अटींसह तहाविरुद्ध मत देण्यास सांगितले. १९ मार्च १९२० रोजी ४९ विरुद्ध ३५ असे मतदान झाले. दोन-तृतीयांशाला सात मते कमी पडली. अमेरिका राष्ट्रसंघात गेलीच नाही. त्यांना १९१९ सालचे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले, तेव्हा ते पराभूत आणि पंगू होते. ३ फेब्रुवारी १९२४ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या हयातीतच या शब्दाची कायद्याने पहिली परीक्षा घेतली. फिनलंडच्या ताब्यातील ऑलंड बेटांचे स्वीडिशभाषक रहिवासी स्वीडनमध्ये जाऊ इच्छीत होते. राष्ट्रसंघाने नेमलेल्या विधिज्ञांनी १९२० मध्ये सांगितले, की स्वयंनिर्णय ही महत्त्वाची राजकीय कल्पना असली तरी तो आंतरराष्ट्रीय कायद्याचा प्रस्थापित नियम नाही. १९२१ मध्ये बेटे फिनलंडकडेच राहिली. रहिवाशांना भाषेची व स्वायत्ततेची हमी मिळाली. मात्र अल्पसंख्याकांना न्याय देण्याची राज्याची इच्छा वा शक्तीच नसेल, तर फुटून निघणे हा शेवटचा उपाय असू शकतो, असे दुसऱ्या मंडळाने नोंदवून ठेवले.

कल्पनेचा कायदा होण्यास आणखी चार दशके लागली आणि ते काम विल्सन यांच्या दारातून परत गेलेल्यांनी केले. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत शब्द आला. १४ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने वसाहतींच्या स्वातंत्र्याचा ठराव ८९ विरुद्ध शून्य मतांनी संमत केला. अपुरी तयारी ही स्वातंत्र्य लांबविण्याची सबब होऊ शकत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. विल्सन यांच्या पालकत्वाच्या सिद्धांतालाच ते उत्तर होते. नऊ देश तटस्थ राहिले. त्यांत ब्रिटन, फ्रान्स, पोर्तुगाल यांच्याबरोबर विल्सन यांची अमेरिकाही होती. दुसऱ्याच दिवशी आमसभेने पोर्तुगालच्या वसाहतींची यादी केली आणि तीत गोव्याचे नाव आले. गोवा हा आपला सागरपार प्रांत आहे हा पोर्तुगालचा दावा त्यामुळे निराधार ठरला आणि एका वर्षाने गोवा मुक्त झाला. नैऋत्य आफ्रिकेचा विश्वस्त बेकायदा ठाण मांडून बसल्याचे आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९७१ मध्ये सांगितले. नामिबिया स्वतंत्र होण्यास १९९० साल उजाडले.

परंतु लॅन्सिंग यांचा प्रश्न सुटलेला नाही. वसाहतींचा हक्क निर्विवाद झाला. प्रस्थापित राज्यातील एखाद्या जनसमूहाचे काय, याला कायद्याचे उत्तर अजून संदिग्ध आहे. १९७० च्या आमसभेच्या घोषणेत प्रादेशिक अखंडता आणि स्वयंनिर्णय शेजारी शेजारी बसविले आहेत. बांगलादेश १९७१ मध्ये जन्मास आला तो रक्त सांडून. न्यायालयात जाऊन नव्हे. कोसोव्होबाबत २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने स्वातंत्र्याची घोषणा करणे कायद्याविरुद्ध नाही एवढेच म्हटले आणि फुटून निघण्याचा हक्क आहे काय, हा प्रश्न सफाईने टाळला. लोक म्हणजे कोण, हे लोकांना विचारूनच ठरवावे म्हटले तर आधी मतदारयादी कोणाची, हे ठरवावे लागते. गोव्यात १९६७ च्या जनमत कौलात भाषा व संस्कृतीचे दुवे सांगून महाराष्ट्रात विलीनीकरण मागणाऱ्यांचा सुमारे ३४ हजार मतांनी पराभव झाला. तो सार्वभौमत्वाचा प्रश्न नव्हता. पण एका समूहाची सीमा भाषेवरून बाहेरच्यांनी आखून चालत नाही, हा धडा त्यातही होता.

विल्सन यांच्या लौकिकाला पुढे ओहोटी लागली. वर्णभेदाच्या धोरणाबद्दल प्रिन्स्टनने २०२० मध्ये आपल्या एका संस्थेवरून त्यांचे नाव काढले. तो निर्णय अन्याय्य म्हणता येणार नाही. तरीही मनात भेद बाळगणाऱ्या या माणसाने सर्वांना लागू पडणारा शब्द उच्चारला आणि मग तो परत घेण्याची शक्ती त्याच्यापाशी उरली नाही, हे इतिहासाने पाहिले. टिळक, झगलूल आणि त्या अनाम व्हिएतनामी तरुणाने विल्सन यांच्यावर विश्वास ठेवला ही त्यांची चूक असेल; त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला ही चूक नव्हती. हक्क देणाऱ्याच्या औदार्याने मिळत नाहीत. बलवानाच्या तोंडून एकदा निघालेले तत्त्व दुबळ्यांनी चिकाटीने त्याच्यावरच लागू करावे लागते, तेव्हा कोठे त्याचा कायदा होतो.